मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाल्यावर: गोव्यातील रुग्ण आणि घरच्यांसाठी पहिल्या वर्षाचे मार्गदर्शन

सहामाहीचे पेपर तपासताना मला माझीच लाल शाई विटकरी दिसू लागली, तेव्हा पेन संपत आले असावे असे वाटले. पेन बदलले, तरी रंग तोच. मग उजवा डोळा मिटून पाहिले, तेव्हा दोष डाव्या डोळ्याचा असल्याचे कळले. तो डोळा फिरवला की आत खोलवर दुखतही होते. मला नवा चष्मा मिळाला, तीन-चार आठवड्यांत नजर सुधारली आणि चष्मा चांगला लागू पडला असे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत राहिले. नऊ महिन्यांनी बेंबीपासून खाली बधिरपणा आला. शाळेच्या पायऱ्या चढताना एक चप्पल मागे राहिली आणि दुसरीतल्या एका मुलाने ती हातात आणून दिली, तोपर्यंत ती पायातून निसटल्याचे मला समजले नव्हते. न्यूरोलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, "याआधी कधी डोळ्याचा काही त्रास झाला होता का?" मी प्रामाणिकपणे "नाही" म्हणाले, कारण तो प्रसंग मी चष्म्याच्या खात्यावर टाकून विसरून गेले होते.

त्या एका "नाही"मुळे माझे निदान काही महिने लांबले. फोंडा तालुक्यात राहून, शिक्षिकेची नोकरी सांभाळून मी ज्या क्रमाने हे सगळे करायला हवे होते, तो क्रम पुढे देत आहे. औषध कोणते घ्यावे हे तुमचे डॉक्टरच सांगतील. त्याभोवतीची जी धावपळ तुमच्या वाट्याला येणार आहे, ती थोडी कमी व्हावी एवढ्यासाठी हे लेखन आहे.

१. आजार काय आहे ते आधी स्वतः समजून घ्या, मग घरात सांगा

मल्टिपल स्क्लेरोसिसला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही बोलताना "एमएस" म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतील तंतूंभोवतीच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, आवरण जिथे झिजते तिथे संदेश अडखळतो किंवा थांबतो, आणि त्या जागेनुसार लक्षण दिसते. म्हणूनच एकाला धूसर दिसते, दुसऱ्याचा तोल जातो, तिसऱ्याला लघवी रोखता येत नाही आणि चौथ्याला छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, तरीही चौघांचा आजार एकच असतो. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. सुरुवातीला सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये तो येऊन-जाऊन असतो: काही दिवस किंवा आठवडे त्रास, मग पुष्कळशी सुधारणा, मग पुन्हा केव्हातरी त्रास.

घरच्यांना सांगताना काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतात. हा आजार संसर्गजन्य नाही. हा पक्षाघात नाही. आईला असला तरी मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच असते, त्यामुळे "घराण्यात आले" ही भाषा कोणी सुरू केली तर तिथेच थांबवावी. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग आणि एमएस यांचा घट्ट संबंध दिसला. पण हा विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात असतोच आणि त्यांतील फारच थोड्यांना एमएस होतो, तेव्हा कोणाच्या चुकीमुळे हे झाले हा शोध घेऊ नये. माझ्या सासूबाईंनी देवळात कौल लावला. त्याला मी कधी हरकत घेतली नाही. गाऱ्हाणे जरूर घालावे, मात्र त्यासाठी तपासणीची तारीख पुढे ढकलू नये आणि औषध बंद करू नये.

एक सूचना शब्दाबद्दल. त्रास उफाळून येण्याला इंग्रजीत "रिलॅप्स" म्हणतात आणि आपल्याकडे सर्रास "अटॅक" म्हटले जाते. शाळेत फोन करून "हिला अटॅक आला" असे घरच्यांनी सांगितले, तेव्हा निम्मी शाळा हृदयविकार समजून घरी आली होती. तेव्हा "रिलॅप्स" हाच शब्द वापरावा.

२. निदान पक्के करून घ्या

एमएस दाखवणारी एकच एक रक्ततपासणी नाही. मेंदू आणि मज्जारज्जू यांचा एमआरआय, बहुधा रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन, हा निदानाचा मुख्य आधार असतो. त्यासोबत गरजेनुसार कण्यातील पाण्याची तपासणी, डोळ्याच्या नसेचा वेग मोजणारी चाचणी आणि इतर आजार वगळण्यासाठी रक्ताच्या तपासण्या होतात. २००१ पासून वापरात असलेले आणि पुढे अनेकदा सुधारलेले मॅकडॉनल्ड निकष २०२४ च्या सुधारणेपर्यंत एक साधी गोष्ट मागत होते: मज्जासंस्थेत वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या काळी इजा झाल्याचा पुरावा. माझी विटकरी शाई म्हणजे नेमका तो "दुसरा काळ" होता आणि तो मी सांगितलाच नव्हता. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे जाण्यापूर्वी एक संध्याकाळ बसून, घरच्यांना विचारून, मागच्या दहा वर्षांत आपोआप आलेला आणि आपोआप गेलेला प्रत्येक विचित्र त्रास कागदावर लिहावा: धूसर नजर, दुहेरी दिसणे, मान वाकवताच पाठीतून वीज गेल्यासारखे होणे, चेहऱ्याच्या अर्ध्या भागाचा बधिरपणा.

येथे तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, मुंग्या आणि बधिरपणा म्हणजे बी-१२ची कमतरता असे गृहीत धरून महिनोन्‌महिने इंजेक्शने घेत राहणे. कमतरता असू शकते आणि ती तपासलीच पाहिजे. पण इंजेक्शनांच्या काळात त्रास ओसरला तर तो इंजेक्शनांमुळेच ओसरला असे समजू नये, कारण एमएसचा त्रास तसाही ओसरतो. दुसरी फसगत अधिक गंभीर आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा आजार एमएससारखाच दिसतो, परंतु एमएसची काही औषधे त्यात अपाय करतात. म्हणून अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धच्या प्रतिपिंडाची तपासणी झाली आहे का, किंवा तिची गरज आहे का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. तिसरी म्हणजे कण्यातील पाणी काढण्याची भीती. त्या तपासणीने माणूस अधू होत नाही. काहींना नंतर दोन-चार दिवस, उठून बसले की, डोके दुखते, एवढी तयारी ठेवून रजा घ्यावी.

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, न्यूरोलॉजी विभाग आहे. तिथल्या ओपीडीत तुमच्यासारखेच दूरदूरच्या तालुक्यांतून आलेले बरेच लोक असतात, त्यामुळे दिवस मोकळा ठेवून, पाणी आणि डबा घेऊन, सोबत एकजण घेऊन जावे. सोबतचा माणूस धीर देतोच, शिवाय डॉक्टर काय बोलले ते लिहून घेण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. निदानाचा शब्द कानावर पडल्यानंतरची दहा मिनिटे रुग्णाला काहीही ऐकू येत नाही.

३. एक फाइल आणि एक वही

पहिल्या एमआरआयच्या वेळी मी अहवालाचे दोन कागद घेऊन घरी आले आणि सीडी मागितलीच नाही. वर्षाने दुसरा एमआरआय झाला तेव्हा नवे डाग कोणते आणि जुने कोणते हे ठरवायला तुलनेसाठी काहीच नव्हते. अहवाल म्हणजे कोणाचे तरी मत असते, चित्र नव्हे. चित्र आपल्याजवळ हवे. सीडी मिळताच ती कोणाच्या तरी संगणकावर उघडून पाहावी आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. आपल्या दमट हवेत सीडीला बुरशी धरते, हे मी पाहिले आहे.

फाइलमध्ये पुढील कागद असावेत:

• प्रत्येक एमआरआयची सीडी आणि अहवाल, तारखेनुसार
• कण्यातील पाण्याचा आणि रक्ततपासण्यांचा अहवाल
• रुग्णालयातून घरी सोडतानाचे प्रत्येक पत्र, ज्यावर निदान आणि दिलेले स्टिरॉइड स्पष्ट लिहिले आहे
• आजवरची औषधे, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, बंद करण्याचे कारण
• आधार कार्ड, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, रेशन कार्ड
• मामलेदार कचेरीतून घेतलेला रहिवासी दाखला
• आरोग्य विम्याचे आणि दीनदयाळ योजनेचे कार्ड
• औषधांची बिले, मूळ प्रती

वही वेगळी. तिच्यात रोज लिहू नये. रोज लिहायला बसले की माणूस दिवसभर स्वतःलाच चाचपत राहतो. काही बदलले तरच तारीख, लक्षण, किती वेळ टिकले, ताप होता का, आणि त्यामुळे कोणते काम अडले हे लिहावे. "पाय जड" असे लिहू नका. "घरापासून बसथांब्यापर्यंत दोनदा बसावे लागले" असे लिहा. एमएस येतो आणि जातो, आणि तुम्हाला तपासणारी माणसे तुम्हाला वर्षातून मोजक्याच दिवशी पाहतात; त्या दिवशी तुम्ही बरे दिसत असाल तर मागच्या वाईट महिन्याला ती वहीच साक्षीदार असते.

४. रिलॅप्स कोणता आणि नुसता त्रास कोणता, हे ओळखायला शिका

नवे लक्षण किंवा जुने लक्षण ठळकपणे वाढलेले, सलग २४ तासांहून अधिक टिकलेले, आणि ताप किंवा संसर्ग नसताना आलेले असेल तर तो रिलॅप्स असण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. परंतु ताप आला, लघवीचा संसर्ग झाला किंवा शरीर तापले, तर जुनी लक्षणे काही काळ डोके वर काढतात. उष्णतेचा हा परिणाम विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्यात नवी इजा झालेली नसते. शरीर थंड झाले की त्रास उतरतो. म्हणून पाय अचानक लटपटू लागले तर आधी थर्मामीटर लावावा आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. संसर्ग अंगात असताना स्टिरॉइड घेणे धोक्याचे ठरू शकते.

रिलॅप्सवर बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तीन ते पाच दिवस सलाइनमधून देतात. तोंडाला गंजक्या लोखंडासारखी चव येते, झोप उडते, रक्तातील साखर वाढते. मधुमेह असेल तर आधीच सांगावे. स्टिरॉइडमुळे रिलॅप्स लवकर ओसरतो, मूळ आजाराचा मार्ग त्याने बदलत नाही. हे ध्यानात न राहिल्यामुळे कित्येकजण "सलाइन लावले की बरे वाटते" म्हणून तेवढ्यावरच वर्षे काढतात आणि पुढच्या पायरीला पोहोचतच नाहीत.

५. आजाराला आवर घालणारे औषध लवकर सुरू करा आणि बरे वाटले म्हणून सोडू नका

१९९३ पर्यंत एमएसचा मार्ग बदलणारे मान्यताप्राप्त औषध नव्हते; त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटाला मान्यता मिळाली. आज इंजेक्शने, गोळ्या आणि काही महिन्यांनी सलाइनमधून द्यायची औषधे असे पुष्कळ पर्याय आहेत. ही औषधे झालेले नुकसान भरून काढत नाहीत, पुढचे रिलॅप्स कमी करतात. त्यामुळे ती लागू पडत आहेत याची खूण म्हणजे काहीही न घडणे. काहीच घडत नाही म्हणून औषध थांबवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. फिंगोलिमोडसारखी गोळी अचानक थांबवली तर आजार उसळून येऊ शकतो, तेव्हा थांबवायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवावे.

औषध ठरण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःहून सांगा: मूल होऊ देण्याचा विचार आहे का, पूर्वी क्षयरोग किंवा कावीळ झाली होती का, आणि दरमहा किती खर्च झेपेल. पहिल्या गोष्टीचा संकोच करू नये, कारण काही औषधे गर्भाला घातक आहेत आणि ती थांबवण्याचे नियोजन आधीपासून करावे लागते. तिसऱ्याचाही करू नये. झेपेल असे औषध नियमित घेणे हे सर्वांत भारी औषध चार महिने घेऊन सोडण्यापेक्षा चांगले, असे मला माझ्या डॉक्टरांनीच सांगितले.

इंजेक्शन असेल तर ते बहुधा २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि ते गोठूनही चालत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे झाड तारांवर पडले की वीज किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात डब्यात औषध आणि बर्फाच्या कप्प्यात दोन जेल पॅक कायम तयार असावेत. वीज गेली की पॅक फडक्यात गुंडाळून डब्याशेजारी ठेवावेत आणि मग फ्रिज पुन्हा उघडू नये.

६. गोव्याच्या हवेत दिवस कसा आखावा

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहानंतर मला फळ्यावर लिहिलेल्या माझ्याच ओळी वर-खाली जाताना दिसत. मुख्याध्यापिकांना विचारून मी माझे तास सकाळच्या सत्रात सुरुवातीलाच घेतले आणि एवढ्या एका बदलाने माझी नोकरी टिकली. उन्हाची कामे आणि बाजार सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत उरकावा, बँक आणि मामलेदार कचेरी उघडताच गाठावी. कढत पाण्याची आंघोळ सोडावी. ओला पंचा मानेवर ठेवण्यात लाज वाटून घेऊ नये.

चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना शिडीवर चढण्याचा हट्ट मी एका वर्षी केला आणि चुलीची धग, माणसांची गर्दी आणि वर धरलेले हात यांनी एवढी गळून गेले की आरतीला उभी राहू शकले नाही. आता मी खाली खुर्चीवर बसून फळे आणि रानातले जिन्नस दोऱ्यात ओवते आणि भावोजी वर बांधतात. काम गेले नाही, जागा बदलली.

पावसाळ्यात खरा शत्रू शेवाळ आहे. अंगणातील चिऱ्याच्या पायऱ्या, विहिरीचा काठ आणि न्हाणीघर येथे मृगापूर्वीच ब्लीचिंग पावडरने घासून घ्यावे आणि न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडा बसवावा. दांडा वयस्कर माणसांसाठी असतो असे म्हणत मी एक पावसाळा काढला आणि मनगट मोडून घेतले. फिजिओथेरपी ही पाय गेल्यानंतरची गोष्ट नाही. चालता येत असतानाच सुरू करावी.

७. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट आहे. हे अनेक कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांनाही माहीत नसते, म्हणून कायद्याच्या अनुसूचीचे ते पान छापून फाइलमध्ये ठेवावे.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, यांचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. छायाचित्र, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद चढवले की अर्ज क्रमांक मिळतो, आणि निवडलेल्या रुग्णालयातून तपासणीचा दिवस कळतो. अर्जातील नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी हे आधीच नीट करून घ्यावे.

यातील सर्वांत मोठा गैरसमज असा की निदान झाले म्हणजे टक्केवारी मिळते. टक्केवारी आजाराची नसते, त्या आजारामुळे उरलेल्या अडचणीची असते. बहुतेक सवलतींना ४० टक्के ही किमान मर्यादा आहे. कार्ड त्याखाली पांढरे, ४० ते ८० दरम्यान पिवळे आणि त्यावर निळे असते. मी पहिल्यांदा गेले तो दिवस चांगला होता. नेमके त्याच दिवशी नीट चालत गेले, नीट बोलले, आणि समोरच्यांनी "तुम्हाला काय झाले आहे?" असे विचारले तेव्हा मलाच अपराधी वाटले. दुसऱ्या वेळी मी वही नेली, रिलॅप्सच्या तारखा आणि घरी सोडतानाची पत्रे क्रमाने लावून नेली, आणि लघवीवरचे नियंत्रण व थकवा यांबद्दल न लाजता सांगितले. सोंग करण्याची गरज नाही. फक्त चांगल्या दिवशी वाईट दिवसांचे कागद विसरू नका. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे मिळाले तर नूतनीकरणाची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

दुसरा गैरसमज राखीव जागांचा. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणाच्या गटांत एमएसचे नाव स्वतंत्रपणे नाही, हालचालीच्या आणि दृष्टीच्या दिव्यांगत्वाचे गट आहेत. त्यामुळे प्रमाणपत्रावर प्रकार कोणता लिहिला आहे ते तिथेच वाचून पाहावे. आधीपासून सरकारी सेवेत असणाऱ्यांसाठी मात्र कलम २० महत्त्वाचे आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. वरिष्ठांना सांगताना अर्ज लेखी द्यावा आणि पोचपावती घ्यावी.

८. गोव्यातील योजना

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. पाच वर्षांचे वास्तव्य लागते. ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते, तेव्हा दरमहाच्या गोळ्या तिच्यात बसतीलच असे धरून चालू नये. सरकारी रुग्णालयात नसलेल्या उपचारांसाठी राज्याची मेडिक्लेम योजना आहे; तिची मंजुरी उपचारापूर्वी घ्यायची असते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांग व्यक्तींना दरमहा साहाय्य मिळते, त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला की पैसे थांबतात.

राज्याबाहेर, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची संस्था मुंबई आणि पुण्यातही काम करते. पुण्याच्या मंडळींशी मराठीतून बोलता आल्याने मला पहिल्यांदा कोणीतरी "हो, मलाही तसेच होते" असे म्हणाले.

९. घरच्यांसाठी

"दिसतेस तर अगदी बरी" हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते आणि वर्मी लागते. एमएसचा थकवा झोपेने जाणारा नसतो. "काही मदत हवी का?" असे विचारण्याऐवजी "मी कपडे वाळत घालतो" असे म्हणून उठावे, मागणे हेही एक काम असते. नैराश्य हा या आजाराचाच भाग असू शकतो, स्वभावदोष नव्हे. रुग्णाला किंवा त्याची काळजी घेणाऱ्याला तसे वाटू लागले तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे.

१०. गावात माहिती पोहोचवायची असेल तर

जागतिक एमएस दिन ३० मे रोजी असतो. हा दिवस ठरवणाऱ्यांनी गोव्याचा मे पाहिलेला नसावा. पावसाच्या आधीच्या त्या घुसमटीत दुपारी तीन वाजता सभागृहात कार्यक्रम ठेवला तर ज्यांच्यासाठी ठेवला तेच येऊ शकत नाहीत. सकाळी नऊला ठेवा. फलक आणि मिरवणूक यांपेक्षा मला एक वेगळे काम अधिक उपयोगाचे वाटते: पहिले लक्षण ज्यांच्यासमोर येते त्यांना गाठणे. तालुक्यातील चष्म्याची दुकाने, औषधांची दुकाने, फिजिओथेरपिस्ट, आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि शिक्षक. त्यांना तासाभराचे भाषण नको, एकच वाक्य पुरे: तरुण माणसाला एका डोळ्याने रंग फिके दिसत असतील आणि डोळा फिरवताना दुखत असेल, किंवा कमरेखाली बधिरपणा दिवसाहून अधिक टिकला असेल, तर त्याला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवा.

कार्यक्रमाची जागा आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. तळमजला, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, चालणारे पंखे, आणि दारापासून दहा पावलांवर शौचालय. त्याला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते ते विचारून घ्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत ती आपल्याजवळ ठेवा.